पंपावरची रांग रस्त्यावर का येते?

एका सीएनजी पंपाचं गणित मांडू. नोझल दोन, प्रत्येकासमोर वेगळी रांग. एका गाडीला चार मिनिटं लागतात असं धरू, म्हणजे दोन्ही मिळून तासाला ३० गाड्या भरता येतात. संध्याकाळी तासाला येतात २७. कागदावर पंपाला दहा टक्के उसंत आहे. प्रत्यक्षात मात्र शेपूट पंपाबाहेर पडतं, रस्त्याची डावी लेन अडवतं, बस थांब्यापुढे जाऊन उभं राहतं. ज्यांना गॅस भरायचाच नाही ते मागे हॉर्न वाजवत बसतात.

गाड्या फार झाल्या, हे यावरचं नेहमीचं उत्तर. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. २७ गाड्या ३० च्या आत आहेत, तरी रांग लागलीच. का लागली हे कळलं की ती कुठे उभी करायची तेही ठरवता येतं. आणि हे ठरवायचं असतं पंप बांधण्याआधी, बॅरिकेड आणि शिट्टी घेतलेला माणूस उभा करायची वेळ येण्याआधी.

प्रत्येक नोझलकडे दर साडेचार मिनिटांनी बरोबर एक गाडी आली असती आणि प्रत्येक गाडीला बरोबर चारच मिनिटं लागली असती, तर रांग कधीच लागली नसती. पण गाड्या ठरवून येत नाहीत. सिग्नल सुटला की तीन एकदम येतात, मग सहा मिनिटं कुणीच नाही. ती सहा मिनिटं नोझल मोकळा असतो आणि तो वेळ फुकट जातो. मागाहून चार गाड्या एकदम आल्या तर मघाचा मोकळा वेळ त्यांना वापरता येत नाही. सरासरी काढताना आपण तो जमेला धरतो, रांग धरत नाही. सगळी गोम इथे आहे.

या हिशेबाचा पाया कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत घातला गेला. तिथे काम करणारे आग्नर क्रारुप एर्लांग यांच्यापुढे प्रश्न होता की फोन कधीही येतात, तर एक्स्चेंजला किती लाइनी ठेवाव्या. १९०९ मध्ये त्यांनी त्यावर पहिला निबंध लिहिला. फोनच्या जागी गाडी आणि लाइनीच्या जागी नोझल घातला की तेच गणित पंपाला, टोलनाक्याला आणि गाडीतूनच बर्गर घ्यायच्या खिडकीला लागू पडतं.

शेवटचे दहा टक्के

नोझल किती टक्के वेळ कामात आहे, त्याला आपण भार म्हणू. येणं आणि भरणं दोन्ही बेभरवशाचं धरलं, तर ५० टक्के भाराला नोझलपाशी सरासरी एकच गाडी असते. ८० टक्के भाराला ४ गाड्या, ९० टक्क्यांना ९, आणि ९५ टक्क्यांना १९. भरत असलेली गाडी यात धरलेली आहे. वेळेत सांगायचं तर चार मिनिटांच्या कामासाठी ८० टक्के भाराला सरासरी १६ मिनिटं थांबावं लागतं, ९० टक्क्यांना ३६ मिनिटं आणि ९५ टक्क्यांना सव्वा तास.

८० वरून ९० वर जायला गाड्या किती वाढल्या? एका नोझलला तासाला १२ होत्या, त्या साडेतेरा झाल्या. दीड गाडी वाढली आणि थांबण्याचा वेळ दुपटीच्या वर गेला. ‘गेल्या महिन्यापर्यंत ठीक होतं, अचानक काय झालं कळत नाही’ असं पंपावरची माणसं म्हणतात, त्याचं कारण हेच. अचानक काहीच झालेलं नसतं, थोडीशीच भर चुकीच्या टोकाला पडलेली असते.

हेच गणित उलट्या बाजूनेही चालतं, आणि ते मला जास्त आवडतं. गाड्या तेवढ्याच ठेवा, पण प्रत्येक गाडीमागचा वेळ चार मिनिटांवरून साडेतीनवर आणा. भार ९० वरून ७९ च्या आसपास येतो आणि सरासरी थांबणं ३६ मिनिटांवरून १३ मिनिटांवर. अर्ध्या मिनिटाने तेवीस मिनिटं वाचली! नवा नोझल नाही, नवी जागा नाही.

हे अर्धं मिनिट कुठे सापडेल? पंपावर उभं राहून घड्याळ लावलं तर पहिल्यांदा दिसतं ते असं, की गॅस भरून झाला तरी गाडी हलत नाही. क्यूआर कोड शोधायचा, मोबाइलला रेंज येऊ द्यायची, पिन टाकायचा, मग पंपावरच्या छोट्या स्पीकरने पैसे आल्याचं जाहीर करायचं. तोवर नोझल हुकावर टांगलेला. भरण्याआधीचंही तसंच. सीएनजी भरताना गाडीतल्या सगळ्यांना खाली उतरावं लागतं. मागे आजी बसलेल्या असतील, मांडीवर पिशव्या असतील, तर ते नोझलसमोर येऊन सुरू होतं. ज्या गाड्यांचा व्हॉल्व्ह बॉनेटखाली असतो त्यांचं बॉनेट उघडायचं. सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने केलेली तपासणी, लागते, तिची तारीख उलटलेली असली की वाद तिथेच, आणि मागच्या दहा जणांना तो ऐकावा लागतो.

यातलं बरंचसं काम रांगेतच उरकता येतं. एक माणूस मागच्या दोन-तीन गाड्यांपाशी पाठवला, त्याने टेस्टच्या तारखेची प्लेट तपासली, माणसं उतरवली, बॉनेट उघडून घेतलं, की नोझलसमोर फक्त भरणं उरतं. पैसे पुढे दोन गाड्यांच्या अंतरावर घ्यायचे तर मालकाला गाडी पळून जाण्याची धास्ती असते, आणि ती अगदीच अनाठायी नाही. पण पुढे दोरी किंवा आडवी दांडी लावून हे जमवता येतं. अमेरिकेत चिक-फिल-ए ही खाद्यसाखळी हातात टॅबलेट घेतलेली माणसं गाड्यांच्या रांगेत चालवते, तीही याच हिशेबाने. ऑर्डर आणि पैसे रांगेत, खिडकीशी फक्त पिशवी.

एक अडचण मात्र घड्याळाने सुटत नाही. पाइपलाइन न पोचलेल्या पंपांवर गॅस ट्रकवर बसवलेल्या सिलिंडरच्या जुडग्यातून येतो, त्याला कॅस्केड म्हणतात. गाडीत गॅस २०० बार दाबापर्यंत भरायचा असतो. कॅस्केड रिकामं होत जातं तसा त्यातला दाब उतरतो, गाडीतला आणि त्यातला फरक कमी होतो आणि गॅस हळू सरकतो. ‘प्रेशर नाहीये’ ते हेच. चार मिनिटांची सहा झाली की एका नोझलला तासाला दहाच गाड्या भरतात आणि येताहेत साडेतेरा. मग वरची सूत्रं निकामी होतात. रांग फक्त वाढत जाते, नवं कॅस्केड येईपर्यंत किंवा लोक कंटाळून निघून जाईपर्यंत.

एक रांग की दोन?

दोन नोझलसमोर दोन रांगा असल्या की आपण नेहमी चुकीची निवडतो असं प्रत्येकाला वाटतं. ते जाऊ द्या. गणित असं की दोन्ही नोझलसाठी एकच रांग ठेवली आणि जो मोकळा होईल तिकडे पुढची गाडी पाठवली, तर तोच ९० टक्के भार असताना सरासरी थांबणं ३६ मिनिटांवरून १७ वर येतं. वेगळ्या रांगांमध्ये एका नोझलवर हायड्रो टेस्टचं भांडण चालू असताना शेजारचा नोझल मोकळा पडू शकतो. एका रांगेत ते होत नाही.

मग रिक्षांची वेगळी रांग चूक का? सहसा नाही. रिक्षाचा सिलिंडर लहान, ती लवकर भरते आणि जागाही कमी घेते. एकाच रांगेत काहींना दीड मिनिट आणि काहींना पाच लागली की बेभरवसा वाढतो, आणि रांग बेभरवशावरच पोसते. प्रत्येकाला अगदी सारखा वेळ लागत असेल तर थांबणं वरच्या आकड्यांच्या निम्म्यावर येतं, सरासरी न बदलता. म्हणून रांगा वेगळ्या करायच्याच असतील तर लागणाऱ्या वेळावरून कराव्या, गाडीच्या मानपानावरून नव्हे. मॅकडोनल्ड्सच्या खिडकीशी कधी कधी ‘जरा पुढे जाऊन थांबा’ असं सांगतात, त्यामागेही हेच आहे. बारा जणांची ऑर्डर घेतलेली एक गाडी बाजूला काढली की उरलेल्यांचा वेळ सारखा होतो. त्या एका गाडीला राग येतो, तो सोसायचा.

जागा किती लागेल?

इथे पुष्कळ आराखडे घसरतात, कारण ते सरासरी रांगेपुरती जागा ठेवतात. सरासरी ९ गाड्या म्हणजे बऱ्याच वेळा १५, कधी २५. जागा ठेवायची ती वीसपैकी एकोणीस वेळा पुरेल अशी. तो आकडा ५० टक्के भाराला ४ गाड्यांचा आहे, ७० टक्क्यांना ८, ८० टक्क्यांना १३ आणि ९० टक्क्यांना २८.

गाडी आणि पुढचं अंतर मिळून सहा मीटर धरू. ९० टक्के भाराच्या नोझलला, भरत असलेली एक सोडून, २७ गाड्या म्हणजे १६० मीटर. दोन नोझलच्या दोन रांगा, प्रत्येकी तेवढी. शहरातल्या पंपाचा दर्शनी भाग बहुधा तीस-चाळीस मीटरचा असतो. तेव्हा रांग रस्त्यावर आली यात नवल कसलं! तीच रांग एकत्र केली की दोन्ही नोझल मिळून १५५ मीटरच्या आसपास जागा लागते, म्हणजे निम्मी. आणि दोन वेगळ्या रांगा ठेवूनही प्रत्येक गाडीमागे अर्धं मिनिट वाचवलं, तर १६० मीटरची प्रत्येक रांग सुमारे ६६ मीटरवर येते. हे आवारात नागमोडी वळवून बसवता येतं. जमीन विकत घेण्यापेक्षा अर्धं मिनिट वाचवणं स्वस्त आहे.

बिलांच्या आकड्यांवरून मागणी मोजू नये. बिल फक्त भरून गेलेल्यांचं फाटतं. शेपूट बघून जे पुढच्या पंपाकडे गेले त्यांची नोंद कुठेच नसते. जागेवर उभं राहून दर पाच मिनिटांनी किती गाड्या आल्या आणि शेपूट कुठवर गेलं हे लिहावं लागतं, तेही सगळ्यात वाईट वेळी. टॅक्सी-रिक्षांची शिफ्ट बदलते तेव्हा, शुक्रवारी संध्याकाळी, गणपतीला गावी जायच्या आदल्या दिवशी.

अशा वेळी येणाऱ्या गाड्या ताकदीपेक्षा खरोखरच जास्त असतात, आणि तिथला हिशेब साध्या बेरीज-वजाबाकीचा. दोन तास तासाला ४० आल्या आणि भरल्या ३०, की २० गाड्या साचल्या. गर्दी ओसरून तासाला २० वर आली तरी साचलेल्या २० फिटायला आणखी दोन तास जातात, कारण तासाला दहाच जास्तीच्या भरता येतात. रात्री अकरा वाजता आलेला माणूस विचारतो की या वेळी एवढी रांग कशी. ती आठ वाजताची उधारी असते.

टोलनाक्यांसाठी हा प्रश्न राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने मे २०२१ मध्ये मीटरमध्ये मांडला होता. गर्दीच्या वेळीही एका गाडीला दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागू नये, रांग १०० मीटरच्या वर जाऊ नये, गेली तर ती आत येईपर्यंत गाड्या टोलशिवाय सोडाव्या, आणि १०० मीटरवर पिवळी रेघ मारावी. टोलशिवाय सोडण्याचा हा नियम २०२४ मध्ये मागे घेतला गेला. तो असतानाच्या अंमलबजावणीबद्दल ज्याने त्याने आपापल्या अनुभवाने बोलावं. पण रांगेची हद्द रस्त्यावर रंगवायची ही कल्पना मला पटते. रांग लांब झाली की नाही यावर मग वाद राहत नाही.

आत किती, बाहेर किती

एक नियम एवढा साधा आहे की तो सिद्ध करावा लागला याचंच आश्चर्य वाटतं. अमेरिकन संशोधक जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये तो सिद्ध केला. आवारात सरासरी किती गाड्या असतील? दर मिनिटाला जितक्या येतात, गुणिले एक गाडी जितकी मिनिटं आत राहते.

मे २०२१ मध्ये मुंबई महापालिकेने दादरच्या कोहिनूर वाहनतळात गाडीत बसूनच लस घेण्याचं केंद्र सुरू केलं. सुई टोचायला मिनिटही लागत नाही. पण तेव्हा लशीनंतर अर्धा तास देखरेखीखाली थांबायचा नियम होता. तासाला ६० गाड्यांना लस द्यायची म्हटलं तर मिनिटाला एक, गुणिले ३० मिनिटं, म्हणजे फक्त थांबण्यासाठी ३० गाड्यांची जागा हवी. टोचणाऱ्या परिचारिका दुप्पट केल्या आणि थांबायची जागा तेवढीच ठेवली तर काहीच फरक पडत नाही. अशा कामाला बहुमजली वाहनतळ का सोयीचं, हे या गुणाकारावरून कळतं.

खाण्याच्या ड्राइव्ह-थ्रूत, म्हणजे गाडीत बसूनच ऑर्डर देऊन पिशवी घ्यायच्या दुकानात, हाच नियम स्वयंपाकघराला उपयोगी पडतो. ऑर्डर देण्याचा फलक आणि पिशवी घेण्याची खिडकी यांच्यामध्ये चार गाड्या मावतात आणि खिडकीवरून दर ४० सेकंदांनी एक गाडी सुटते, तर ऑर्डर दिल्यापासून खिडकीशी पोचेपर्यंत १६० सेकंद जातात. तेवढा वेळ तळायला मिळाला. फलक खिडकीच्या फार जवळ ठेवला तर गाडी खिडकीशी येऊन ताटकळते. फार लांब ठेवला तर आधीच फलकापाशी रांग लागते आणि ती रस्त्याकडे सरकते. फलक दोन ठेवून खिडकी एकच ठेवणं हा बऱ्याच ठिकाणचा तोडगा, कारण काय खायचं हे ठरवायलाच लोकांना सगळ्यात जास्त वेळ लागतो.

अमेरिकेतला नकाशा आपल्याकडे तसाच उचलता येत नाही. तिथे चालक डावीकडे बसतो, आपला उजवीकडे. खिडकी उजव्या हाताला यायची तर गाडीने इमारतीला घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फेरी घालायला हवी, म्हणजे सगळा नकाशा आरशात धरल्यासारखा उलटा. शिवाय आत शिरायची वाट आणि बाहेर पडायची वाट एकमेकींना छेदत असतील तर रांग वाढली की सुटलेली गाडी बाहेरच पडू शकत नाही, तिच्यामागची हलत नाही, आणि सगळं आवार गाठ मारल्यासारखं अडकतं. म्हणून रांगेतून मधेच निसटता येईल अशी एक मोकळी वाट शेजारून ठेवतात. ती भाड्याच्या जागेत परवडत नाही असं सांगितलं जातं. फूटपाथवरच्या माणसांना त्याची किंमत मोजावी लागते तेव्हा ती कुणी विचारत नाही.

अमेरिकेत याचे वाद जुने झाले आहेत. लॉस एंजेलिसजवळच्या बाल्डविन पार्कमध्ये १९४८ मध्ये इन-एन-आउटने स्पीकरवर ऑर्डर घेणारं बर्गरचं दुकान काढलं. त्याच बाल्डविन पार्कने २०१० मध्ये नव्या ड्राइव्ह-थ्रूंना काही महिने बंदी केली, रहदारीला कंटाळून. मिनियापोलिसने २०१९ मध्ये नव्या ड्राइव्ह-थ्रूंवर बंदीच घातली. २०२२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरात चिक-फिल-एची रांग मुख्य रस्त्याची एक लेन सारखी अडवायला लागली, तेव्हा ती सार्वजनिक उपद्रव ठरवण्यापर्यंत गोष्ट गेली. आणि २०१८ मध्ये आयर्लंडमधल्या डब्लिनमध्ये क्रिस्पी क्रीमचं डोनटचं दुकान चोवीस तासांचं म्हणून उघडलं, पण रांगेतले लोक रात्रभर इतके हॉर्न वाजवायचे की शेजाऱ्यांच्या तक्रारींवरून रात्रीची खिडकी बंद करावी लागली. हॉर्न फक्त आपणच वाजवतो असं नाही.

अमेरिकेतल्या कित्येक शहरांच्या बांधकाम नियमांत कोणत्या धंद्याने किती गाड्यांची रांग स्वतःच्या हद्दीत सामावली पाहिजे याचे आकडे असतात. आपल्याकडे नवा पंप किंवा ड्राइव्ह-थ्रू मंजूर करताना पार्किंगच्या चौकटींशेजारी ही एक रेघही मागावी: वाईट तासाला रांग इथवर येईल, आणि ती हद्दीच्या आत आहे.

विजेच्या गाड्या आल्या की यातले काही आकडे बदलतील. एका गाडीला ४० मिनिटं धरली तर दोन चार्जर तासाला तीनच गाड्या भरतात. पुढे एकच गाडी थांबलेली असली तरी आपला नंबर यायला चाळीस मिनिटंही लागू शकतात. एवढा वेळ गाडीत बसून कोण राहतं? लोक गाडी कुठेतरी लावून शेजारच्या हॉटेलात जातात. म्हणजे सहा मीटरला एक गाडी अशी सरळ रेघ तिथे दिसतच नाही, रांग फक्त लोकांच्या डोक्यात असते, आणि प्रत्येकाच्या डोक्यात वेगळी. चार्जिंग संपल्यावरही गाडी तशीच उभी, कारण मालकाची दुसरी मिसळ नुकतीच आली आहे. काही कंपन्या अशा उभ्या गाडीला मिनिटामागे पैसे लावतात. त्याच्या जोडीला टोकन हवं, म्हणजे नंबर कुणाचा यावर चार्जरपाशी पंचायत भरणार नाही आणि मिसळ अर्धी टाकून कुणाला धावत यावं लागणार नाही.